हातमोज्यांची एकच जोडी

दिवाळी होऊन गेली तरी कोंडप्पनहळ्ळीवरचा पाऊस हटेना. आभाळ रोज खाली उतरून छपरांना टेकायचं आणि भुरभुर लावून द्यायचं. तुतीचा पाला ओला, ओला पाला खाऊन अळ्या रोगट, आणि त्या रोगट अळ्यांनी मरता मरता विणलेले कोष हाताला मऊ लागायचे. दोन बोटांत चेपला की आत काहीतरी फुटायचं आणि पांढऱ्या कोषावर काळा डाग उमटायचा. असला माल बाजारात कुणी हुंगत नव्हतं. इनायत साबनं तो पडेल भावानं गोण्याच्या गोण्या उचलला आणि रेशमाचा धागा काढायच्या आपल्या शेडमध्ये आणून ओतला.

शेडमध्ये सहा बायका ओळीनं बसायच्या. प्रत्येकीपुढं गरम पाण्याचं एकेक कुंड, मागं गरगर फिरणारं चाक. शिजवलेले कोष कुंडात पडले की बोटांनी चाचपून त्यांचं टोक शोधायचं, तशी काही टोकं एकत्र करून चाकाकडं जाणाऱ्या धाग्याला लावायची. कोष पाण्यात नाचत नाचत उलगडत जायचा आणि शेवटी आतली मेलेली, तपकिरी, सुरकुतलेली अळी तेवढी तरंगत उरायची. बरे दिवस असले की तिचा वास नुसता उग्र असायचा. या पावसात तो कुजका झाला. अळ्या आतल्या आत विरघळलेल्या. कुंडातलं पाणी सकाळीच काळं पडायचं, वर तेलकट साय धरायची, आणि इनायत साब म्हणायचा, सरपण ओलं आहे, दुपारपर्यंत ह्याच पाण्यावर भागवा.

दारापाशी पहिलं कुंड जैबुनचं. दिवसभर हात पाण्यात. बोटांची टोकं भिजून पांढरी फटक, कातडं फुगून सुटलेलं, बेचक्यांत लाल चिरा, नखांच्या कडेला पू. संध्याकाळी ती खोबरेलात हळद कालवून लावायची आणि हात उताणे करून मांडीवर ठेवून बसायची, जसं काही दुसऱ्या कुणी आपले हात तिच्याकडं राखायला दिलेत. तिचा नवरा दस्तगीर पूर्वी याच शेडमध्ये चाक फिरवायचा. वाफेनं आणि वासानं त्याची छाती धरली. आता तो घराच्या ओट्यावर बसून साबचे कोष निवडायचा आणि बोलता बोलता मध्येच थांबून श्वास गोळा करायचा.

त्यांची मुलगी तस्लीम नववीत होती. शाळेआधी तिचं काम ठरलेलं. कुंडांतून गाळून काढलेल्या अळ्या टोपलीत भरायच्या आणि शेडमागच्या वाळवणावर नेऊन पसरायच्या. कोंबड्यांच्या खाद्यासाठी त्या जायच्या. पावसामुळं वाळवण वाळत नव्हतं. कालच्या ओल्या थरावर आजचा ओला थर पडायचा, खालून पांढरे किडे वळवळत वर यायचे, आणि टोपलीतून गळणारं पाणी तिच्या मानेवरून पाठीत उतरायचं. घरी येऊन ती साबणानं डोकं धुवायची. तरी वर्गात शेजारची मुलगी बाकाच्या पार टोकाला सरकून बसायची, आणि विचारलं की म्हणायची, काही नाही, मला इथून फळा नीट दिसतो.

तस्लीमला त्या मुलीचा राग येत नव्हता. कारण तिला स्वतःलाच तसं होत होतं. अम्मा नाचणीच्या उकडीचे गोळे, मुद्दे, वळायची, हाताला पाणी लावून गरम गोळा थापायची, ताटात ठेवायची, आणि तस्लीम भिंतीकडं बघत घास गिळायची. अम्माच्या हातांकडं तिनं किती दिवसांत धड पाहिलं नव्हतं.

याच दिवसांत शाळेत वेदावती टीचरनं कोलाजचं सांगितलं. टीचर नवीन होती, कॉम्प्युटर शिकवायची, तालुक्याहून स्कूटरवर यायची. जिल्ह्याची मोठी अधिकारी बाई शाळा बघायला येणार होती आणि त्या दिवशी प्रदर्शन भरायचं होतं. विषय होता ‘आमच्या गावचं रेशीम’. कात्री-डिंकाचं काम नको, फोटो आणायचे आणि कॉम्प्युटरवर कापून-जोडून एकच चित्र करायचं, असं टीचरनं बजावलं. जो कोलाज चांगला होईल तो मोठ्या फ्लेक्सवर छापून फाटकावर लावणार होते.

पोरींनी मोबाइलवरून मिळतील ते फोटो उतरवून आणले. झगझगीत साड्या, नवऱ्या मुली, कापसासारखे शुभ्र कोष, हसणारी गुबगुबीत अळी. तस्लीमनं घरचा मोबाइल घेतला आणि शेडमध्ये गेली. चाकं काढली, वाफ काढली, टोपलीतल्या अळ्या काढल्या. बायका हसायला लागल्या. शेजारच्या कुंडावरच्या हनीफानं पदर सारखा केला. जैबुननं मात्र मोबाइल आपल्याकडं वळलेला पाहिला तसे हात पाण्यात खोल घातले आणि तोंड तेवढं वर ठेवलं.

शुक्रवारी शेड अर्धा दिवस बंद असायची. दुपारी जैबुन चटईवर कुशीला झोपली होती. उजवा हात उशीबाहेर उताणा पडलेला, डावा त्याच्या शेजारी. खिडकीतून पांढरट उजेड नेमका हातांवर येत होता. तस्लीम कितीतरी वेळ उभी राहिली. डोळ्यांनी बघवत नव्हतं, पण मोबाइल मध्ये धरला तर बघता येत होतं. तिनं वाकून, श्वास धरून फोटो काढला. मग आणखी जवळून एक काढला.

शाळेतल्या कॉम्प्युटरवर तिनं तो फोटो उघडला. मोबाइलवर तळहाताएवढा होता तो पडदाभर झाला. टीचरनं शिकवलं होतं तसं कापायचं तर कडेकडेनं टिंब टिंब देत जायचं होतं, आणि कड नीट दिसायला चित्र मोठं करायला हवं होतं. तिनं मोठं केलं. एका बोटाच्या टोकानं सगळी स्क्रीन भरली. कातडं कुठं संपतं आणि सुटलेला पापुद्रा कुठं सुरू होतो ते कळेना. पापुद्रा हातात धरायचा की बाहेर टाकायचा? तिनं एकदा बाहेर टाकला. बोट रोडावलं, खोटं दिसायला लागलं. परत मागं येऊन तिनं पापुद्र्याच्या कडेनं माऊस फिरवला. मग चीर. मग नखाखालचा पिवळा ठिपका. ज्या हातांकडं ताटावर बसून बघता येत नव्हतं त्यांच्या रेषा न् रेषा ती दोन आठवडे रोज टिपत होती. कधी घशाशी आंबट यायचं. ती उठून नळावर जायची, चूळ भरायची आणि परत येऊन बसायची.

अखेर हात सुटे झाले. मागचं सगळं गळून गेलं आणि ते नुसते पडद्यावर तरंगायला लागले. तिनं ते मधोमध ठेवले. त्यांच्यावर रेशमाची लडी ठेवली. भोवती दुसऱ्या पोरींनी आणलेल्या साड्या आणि नवऱ्या मुली बारीक करून गोल लावल्या. चारी कोपऱ्यांत काळं पाणी आणि त्यावर तरंगणाऱ्या अळ्या.

वेदावती टीचरनं पाहिलं आणि खुर्ची ओढून खाली बसली. मग विचारलं, हे हात कुणाचे. तस्लीम म्हणाली, शेडमधल्या एका बाईचे. टीचरचे डोळे भरले. ती म्हणाली की यालाच चित्र म्हणतात, हेच फाटकावर लागणार. तस्लीमला आतून फुलून आल्यासारखं झालं. ‘एका बाईचे’ हे शब्द त्या आनंदात कुठं बुडाले ते तिचं तिलाच कळलं नाही.

फ्लेक्स लागला त्या दिवशी बाजार होता. फाटक रस्त्यावरच. चहावाल्याकडं बसलेली माणसं मान वाकडी करून बघत होती. एक म्हणाला की कुष्ठाचा हात आहे. दुसरा म्हणाला, नाही, भाजलेला आहे. एकानं चहाचा पेला तसाच ठेवला आणि थुंकून आला. जैबुन भाजी घेऊन त्याच रस्त्यानं येत होती. लोक बघतात म्हणून तिनंही वर पाहिलं.

तस्लीम शाळेतून आली तेव्हा अम्मा चुलीपाशी बसली होती आणि दोन्ही हात पदरात गुंडाळलेले होते. चूल पेटलेली नव्हती. दस्तगीर ओट्यावर कोष निवडत होता, त्यानं आत वळून पाहिलं नाही.

“झोपेत काढलास?” जैबुननं विचारलं.

तस्लीमनं मान डोलावली.

“मी जागी असते तर दाखवले असते का तुला?”

तस्लीमनं दप्तर खांद्यावरून खाली ठेवलं.

“तुझ्या अब्बाला मी इतक्या वर्षांत हे हात उजेडात दाखवले नाहीत. जेवायला वाढताना बाजूला बघायला लावते. आणि तू बाजारात टांगलेस.” तिचा आवाज चढला नव्हता. “थुंकत होता एक जण. मी त्याच्यामागंच उभी होते.”

तस्लीमनं सांगायचा प्रयत्न केला की टीचर रडली, की सगळ्यांना आवडलं. जैबुन म्हणाली की तिच्या रडण्याचं मी काय करू, ती रडून स्कूटरवर बसून जाईल. मग तिनं मोबाइलमधला फोटो काढून टाकायला सांगितलं. तस्लीमनं तिच्यासमोर काढून टाकला. खात्री करायला जैबुननं मोबाइल हातात घेतला, पण तिच्या भिजलेल्या बोटांना स्क्रीन दाद देईना. तिनं दोनतीनदा दाबून पाहिलं आणि मोबाइल तसाच चटईवर ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी इनायत साब घरी आला. तसा तो जैबुनच्या मामाकडून नात्यातला. ओट्यावर बसला, दस्तगीरच्या छातीची विचारपूस केली, चहा घेतला. आरडाओरडा करणारा माणूस तो नव्हताच. पायजम्याला डाग लागू नये म्हणून मांडीवर रुमाल पसरून तो हळूहळू बोलत राहिला. शाळेचे कॉम्प्युटर त्यानंच दिले होते. कमिटीवर तोच होता. जिल्ह्याची बाई येणार, फाटकावर हे बघणार, आणि विचारणार की हे कुणाच्या शेडचे हात. मग शेडला टाळं. मग सहा बायका कुठं जाणार? मी तर मशीन विकून बंगळुरात मुलाकडं जाऊन राहीन, तो म्हणाला, माझं काय.

“पोरगी हुशार आहे,” तो शेवटी म्हणाला. “जिनं केलं तीच बदलेल. चित्र उतरवायचं नाही. हे हात काढून हातमोजे घातलेले हात लावायचे, एवढंच. उद्या मी घेऊन येतो.”

जैबुन दाराआड उभी होती. तिनं आतूनच विचारलं, “साब, हातमोजे घालून टोक कसं सापडेल?”

“फोटोपुरतं घालायचंय आपा,” इनायत साब म्हणाला आणि रुमाल झटकून उठला.

दुसऱ्या दिवशी त्यानं हातमोजे आणले. पिवळे, रबराचे, कोपरापर्यंत येणारे. एकच जोडी होती. एकीनं घालायचे, फोटो काढायचा, मग दुसरीला द्यायचे, असं त्याच्या मनात होतं. फोटोला चांगला म्हणून त्यानं आपला महागाचा मोबाइल तस्लीमच्या हातात दिला. कुंडांतलं काळं पाणी ओतून स्वच्छ पाणी भरलं. कुठून तरी निवडक पांढरे कोष आणून वर सोडले. त्या दिवशी पहिल्यांदा शेडमध्ये वास जरा कमी होता आणि त्यामुळंच तस्लीमला जास्त कसंतरी झालं.

पहिलं कुंड जैबुनचं, म्हणून पहिला मान तिचा. तिनं हातमोजे घातले. आत घालताना चिरांना रबर घासलं आणि तिनं ओठ आवळले. सवयीनं तिनं पाण्यात बोटं घालून टोक शोधायचा प्रयत्न केला. सापडेना. कोष बोटांखालून निसटत राहिले. इनायत साब म्हणाला, धरल्यासारखं कर आणि हस. जैबुन हसली. तस्लीमनं फोटो काढला.

मग हातमोजे हनीफाकडं गेले. हनीफा तरणी, शेडमध्ये नवी. अजून तिच्या हातांची नुसती सालं निघायला लागली होती. तिनं एक हात आत घातला आणि लगेच बाहेर ओढला. आपल्या बोटांकडं पाहिलं. बोटांना चिकट, पिवळसर काहीतरी लागलं होतं.

“शी,” ती म्हणाली. “आत ओलं आहे. मी नाही घालणार बाई हे.”

चाकं बंद होती, त्यामुळं छपरावरचा पाऊस मोठा ऐकू यायला लागला. हनीफानं बोटं पदराला पुसली, पुन्हा पुसली, आणि मग तिच्या लक्षात आलं की ते कुणाचं आहे. ती जैबुनकडं बघून काही म्हणणार होती. जैबुननं कुंडात नजर लावली होती. तिनं पाण्यातला एक कोष उचलला, टोक शोधलं, आणि बंद चाकाच्या धाग्याला नेऊन लावलं.

“राहू द्या,” इनायत साब म्हणाला. त्यानं चिमटीत धरून हातमोजे बादलीत टाकले. “सहाजणींचा ओळीनं एक फोटो काढ. हातमोजे सगळ्यांना तुझ्या कॉम्प्युटरवर चढव. होतं ना तसं?”

“होतं,” तस्लीम म्हणाली.

“मग झालं.”

शेडच्या गड्यानं हातमोजे धुऊन, पुसून पाकिटात घातले. दुकानदारानं दोन दिवसांत परत घ्यायचं कबूल केलं होतं. कुंडांतलं स्वच्छ पाणी मात्र काढून टाकलं नाही, त्यातच डागाळलेले कोष सोडले. घटकाभरात ते काळं झालं.

शाळेत हेडमास्तरांना निरोप आधीच पोचला होता. त्यांनी वेदावती टीचरला खोलीत बोलावून घेतलं. टीचर बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. ती तस्लीमला म्हणाली की माझी नोकरी अजून पक्की झालेली नाही, तुला कळतं ना. तस्लीमला कळलं. टीचर म्हणाली, तू आता माझ्याहून चांगलं करतेस, कर तू. आणि ती व्हरांड्यात जाऊन पावसाकडं तोंड करून उभी राहिली.

तस्लीमनं मधले हात उचलले. दोन आठवड्यांचं काम एका बटणानं गेलं. त्या जागी सहाजणींचा ओळीतला फोटो बसवला. मग अम्माच्या फोटोतले पिवळे हातमोजे कापायला घेतले. रबराची कड गुळगुळीत होती, कुठं अडत नव्हती. पहिल्या हातांपुढं हे काम पोरखेळ होतं. डाव्या अंगठ्यापाशी रबराला एक घडी पडली होती, तेवढी तिनं जपून घेतली. एक जोडी तयार झाली. मग तिची नक्कल केली आणि हनीफाच्या हातांवर ठेवली. जरा तिरकी केली. मग आणखी एक, जरा लहान. मग आणखी एक, जरा फिकट. बायकांच्या स्वतःच्या हातांचा कुठं काठ डोकावायचा तिथं शेजारचं पाणी उचलून तिनं पुसून काढला. सहाजणी ओळीनं हसत होत्या आणि सगळ्यांचे अंगठे एकसारखे चुरगळले होते. चारी कोपऱ्यांतल्या अळ्या हेडमास्तरांनी काढायला सांगितल्या होत्या. तिथं तिनं कमळं लावली.

काम झाल्यावर तिनं हात हुंगले. कसलाच वास येत नव्हता. तरी नळावर जाऊन तिनं ते घासून घासून धुतले.

जिल्ह्याची बाई आली त्या दिवशी पाऊस थोडा थांबला होता. फाटकावर नवा फ्लेक्स होता, तसाच एक आत प्रदर्शनाच्या खोलीत लावला होता. इनायत साबनं शेडमधल्या बायकांना धुतलेली लुगडी नेसून यायला सांगितलं होतं. जैबुन यायला तयार नव्हती. आलीस तर आलीस, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस, असा निरोप आला, तेव्हा ती आली आणि मागच्या भिंतीला लागून उभी राहिली.

मोठी बाई करड्या केसांची, बोलायला मऊ होती. ती एकेक कोलाज बघत आली आणि तस्लीमच्या कोलाजपाशी थांबली. किती नीटनेटकं आहे, ती म्हणाली. इनायत साबनं सांगितलं की आपल्या शेडमध्ये बायकांच्या हातांची काळजी घेतली जाते. त्यानं जैबुनला पुढं बोलावलं. ही त्यातलीच एक, आणि चित्र काढणारी हिचीच मुलगी.

मोठ्या बाईला ते फार आवडलं. तिनं फोटोवाल्याला खूण केली, मायलेकींबरोबर आपला फोटो घ्या म्हणाली, आणि जैबुनचा हात हातात घेतला. जैबुनला हात पदराआड न्यायला वेळ मिळाला नाही.

तस्लीम शेजारीच होती, म्हणून तिनं सगळं पाहिलं. मोठ्या बाईची बोटं त्या हातावर बसली आणि जागच्या जागी थांबली. तिनं खाली पाहिलं. मग फ्लेक्सवरच्या पिवळ्या हातमोज्यांकडं पाहिलं. मग इनायत साबकडं. तस्लीमला वाटलं, आता ती विचारणार. फोटोवाला म्हणाला, मॅडम, इकडं. मोठी बाई कॅमेऱ्याकडं बघून हसली. फोटो निघाला. तिनं हात सोडला, मागं उभ्या असलेल्या शिपायाकडं न बघता तळवा पुढं केला, त्यानं बाटलीतलं औषध ओतलं, आणि ते हातांवर चोळत चोळत ती म्हणाली, “छान. फारच छान.”

पहिला नंबर तस्लीमला दिला. मोठ्या बाईच्या हातांना औषधाचा गोड वास येत होता, तो तिनं दिलेल्या ढालीलाही लागला. तस्लीमला तो वास अळ्यांच्या वासाहून घाण वाटला.

“आता सगळ्यांना सांग,” मोठी बाई माईक तिच्यापुढं धरून म्हणाली, “एवढं सुंदर चित्र तू कसं केलंस? बाकीच्या मुलींनाही शिकू दे.”

तस्लीमनं माईक धरला. तिला भाषण करता येत नव्हतं. कसं केलं ते सांगता येत होतं.

“आधी मी अम्माच्या हातांचा फोटो काढला,” ती म्हणाली. “ती झोपली होती. तो मोठा करून कडेकडेनं कापला. त्याला दोन आठवडे लागले, कारण कातडं सुटलेलं आहे, त्यामुळं कड सापडत नाही. मग साबनी तो काढून टाकायला सांगितला. तो एका बटणानं निघतो. मग हातमोज्यांचा फोटो काढला. हातमोजे एकच जोडी होती. दुसऱ्या बाईला घालता आले नाहीत, आत पू लागला होता. म्हणून त्या एका जोडीच्या मी सहा केल्या. बघा, सगळ्यांच्या डाव्या अंगठ्याला घडी आहे. घडी पुसायची राहिली.”

तिनं क्षणभर विचार केला, काही राहिलं का.

“हातमोजे दुकानात परत गेले,” ती म्हणाली. “कमळं नेटवरची आहेत.”

आणि माईक परत दिला.

टाळ्या वाजवायच्या की नाही ते कुणाला कळेना. मागं दोनचार पोरींनी वाजवल्या आणि थांबवल्या. सगळे फ्लेक्सवरचे अंगठे बघायला लागले. वेदावती टीचर दारात उभी होती, तिनं तोंडावर हात धरला होता. इनायत साब हसत होता, पण रुमाल त्यानं मुठीत आवळला होता. मोठी बाई घड्याळाकडं बघून म्हणाली की पुढच्या गावाला उशीर होतोय. मात्र गाडीत बसायच्या आधी ती इनायत साबला बाजूला घेऊन काहीतरी बोलली, आणि तेव्हा त्याचं हसू गेलं.

शेडला टाळं लागलं नाही. पुढच्या आठवड्यात एक माणूस येऊन पाहून गेला, शेडमध्ये पंखा बसला, कुंडांतलं पाणी दिवसातून दोनदा बदलायला लागलं. जैबुनच्या कुंडावर मात्र दुसरी बाई बसली. साबनं जैबुनला काही म्हटलं नाही. ती सकाळी गेली तेव्हा तिच्या जागेवर कुणी होतं, एवढंच. दस्तगीरकडं कोषांच्या गोण्या यायच्याही बंद झाल्या. तो ओट्यावर रिकामा बसून रस्त्याकडं बघत खोकायचा. तस्लीमला तो एक शब्द बोलला नाही, आणि ते तिला शिव्यांपेक्षा जड गेलं.

पाऊस पुरता उघडल्यावर जैबुनला गावाच्या दुसऱ्या टोकाला, वेंकटरमणप्पाच्या शेडमध्ये जागा मिळाली. तिथं छप्पर गळत होतं आणि माल तोच होता. पहिल्या दिवशी तस्लीम तिच्याबरोबर निघाली. टोपल्या उचलायचं काम तिथंही होतं. मायलेकी बांधावरून पुढंमागं चालल्या होत्या. शाळेतल्या त्या दिवसाबद्दल जैबुननं अजून चकार शब्द काढला नव्हता. तुतीच्या वावरापाशी ती न वळता म्हणाली, “ते एकाचे सहा कसे केलेस?”

तस्लीमनं सांगितलं. एक नीट कापायचं, त्यावर माऊस धरायचा, दोन बटणं दाबायची, की शेजारी तसंच दुसरं येतं. हवं तेवढ्यांदा.

“हातांचेसुद्धा होतात?”

“होतात की. कितीही.”

जैबुननं चालता चालता आपले हात समोर धरून पाहिले, दोन्ही बाजूंनी, उन्हात.

“नको,” ती म्हणाली. “मला हे दोनच निस्तरवत नाहीत.”

आणि शेडच्या दारातून येणाऱ्या वासानं तोंड वाकडं करून तिनं पदर कमरेला खोचला.